पाजताना पाहणारी नजर

स्तनपान ही निसर्गदत्त क्रिया आहे, असे विधान मराठी घरांत आणि सरकारी दवाखान्यांच्या भिंतींवर सारख्याच निश्चिंतपणे केले जाते, आणि ते खोटे नसले तरी अपुरे आहे. कारण बाळाला चोखण्याची आणि आईच्या शरीराला दूध तयार करण्याची जन्मजात क्षमता असली, तरी या दोन क्षमतांची एकमेकींशी सांगड घालणे हे शिकावे लागणारे कौशल्य आहे. एकत्र कुटुंबात वाढणारी मुलगी चुलतीला, मावशीला, थोरल्या बहिणीला अंगावर पाजताना लहानपणापासून पाहत असे आणि सुईण बाळंतिणीच्या उशाशी बसून बाळाचे तोंड नीट लावून देत असे, म्हणून हे शिक्षण कोणी शिक्षण म्हणून ओळखलेच नाही. नागपूरच्या धरमपेठेतील किंवा मनीषनगरातील सदनिकेत आज पहिलटकरणीने हातात घेतलेले पहिले तान्हे मूल पुष्कळदा तिचे स्वतःचेच असते. अशा वेळी अडचण आली तर तो तिच्या मातृत्वाचा दोष नसून शिकवणाऱ्या माणसाची अनुपस्थिती असते, आणि ती अनुपस्थिती कोण, केव्हा आणि कशी भरून काढू शकतो, हा या विषयाचा खरा गाभा आहे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीतील (२०१९–२१) आकडे या संदर्भात बोलके आहेत. देशातील ८८.६ टक्के बाळंतपणे रुग्णालयांत किंवा आरोग्यकेंद्रांत झाली, परंतु जन्मानंतर तासाभराच्या आत स्तनपान मिळालेल्या बालकांचे प्रमाण केवळ ४१.८ टक्के होते, आणि सहा महिन्यांखालील निव्वळ स्तनपानावर असलेल्या बालकांचे प्रमाण ६३.७ टक्के. निव्वळ स्तनपान म्हणजे आईच्या दुधाखेरीज पाणी, मध, घुटी यांपैकी काहीही न देणे. डॉक्टरांनी दिलेली औषधे किंवा जीवनसत्त्वाचे थेंब याला अपवाद. बाळ रुग्णालयात जन्माला येते, भोवती परिचारिका आणि डॉक्टर असतात, तरीही पहिला तास निसटतो, याचा अर्थ असा की प्रसूतीची व्यवस्था आणि पाजण्याची व्यवस्था या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. टाके घालणे, वजन करणे, बाळाला उबेच्या पेटीत ठेवणे, सिझेरियननंतर आईला वेगळ्या खोलीत नेणे, बाहेर थांबलेल्या नातेवाइकांना बाळ दाखवणे, या सगळ्यांत आई आणि बाळ यांना त्वचेला त्वचा लावून एकत्र ठेवण्याचे काम कोणा एकाचे नसते, म्हणून ते कोणाकडूनच होत नाही.

पहिल्या दोन-तीन दिवसांत स्तनांतून येणारे दाट, पिवळसर दूध म्हणजे चीक. गाय-म्हैस व्याल्यावर तिच्या चिकाचा खरवस आवडीने खाणाऱ्या समाजात माणसाच्या चिकाबद्दल मात्र तो जड आहे, पिळून टाकावा, असा समज दीर्घकाळ टिकून राहिला, ही विसंगती नोंदण्याजोगी आहे. चीक थोडा असतो, कारण थोडाच लागतो. पहिल्या दिवशी बाळाच्या जठरात एका वेळी जेमतेम चमचाभर, म्हणजे पाच ते सात मिलिलिटर मावते. पुढील दूधनिर्मिती दोन संप्रेरकांवर, म्हणजे रक्तातून संदेश वाहून नेणाऱ्या द्रव्यांवर, चालते. बाळ चोखते तेव्हा प्रोलॅक्टिन स्रवते आणि पुढच्या वेळचे दूध तयार होते. ऑक्सिटोसिन स्रवते आणि तयार असलेले दूध नलिकांतून पुढे ढकलले जाते, ज्याला मराठीत पान्हा फुटणे असा नेमका शब्द आहे. वेदना, भीती आणि ताण यांनी ऑक्सिटोसिनचा स्राव अडखळतो, म्हणजे दूध असूनही उतरत नाही. गोठ्यातील माणसांना ही गोष्ट फार पूर्वीपासून ठाऊक आहे: बिथरलेली म्हैस पान्हा चोरते, असे ते म्हणतात आणि तिला दटावण्याऐवजी चुचकारतात. बाळंतिणीला मात्र तेवढी सवलत मिळतेच असे नाही.

खरी अडचण साधारणपणे तिसऱ्या दिवसाच्या आसपास सुरू होते, आणि तिचे मूळ वेळापत्रकात आहे. दूध भरपूर येण्याची सुरुवात बहुधा दुसऱ्या ते चौथ्या दिवसादरम्यान, सिझेरियननंतर कधीकधी त्याहून उशिरा होते, आणि नैसर्गिक प्रसूती झालेल्या बाईला नेमके त्याच सुमारास घरी पाठवले जाते. म्हणजे छाती दगडासारखी घट्ट होऊन बाळाला तोंडात धरता न येणे, बोंडांना चिरा पडणे, बाळ रात्रभर रडणे, हे सगळे रुग्णालयाचा दरवाजा ओलांडल्यावर घडते. घरात बाळाच्या रडण्याचा अर्थ एकच लावला जातो: दूध पुरत नाही. वास्तविक नवजात बाळ चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पिते, संध्याकाळी घोळक्याने पिते, आणि भुकेशिवाय अन्य कारणांनीही रडते; परंतु एकदा ‘दूध कमी’ हा निर्णय झाला की वरचे दूध सुरू होते, त्याने पोट भरलेले बाळ कमी चोखते, चोखणे कमी झाल्याने स्तनांना मिळणारा संदेश घटतो, आणि आठवडाभरात दूध खरोखरच कमी होते. चुकीचे निदान अशा रीतीने स्वतःला खरे करून दाखवते. नागपुरात याला उन्हाळ्याची जोड मिळते. पारा ४५ अंशांकडे सरकला की बाळाचा घसा कोरडा पडत असेल या काळजीने चमचा-चमचा पाणी पाजले जाते. आईच्या दुधात सुमारे ८८ टक्के पाणीच असते, त्यामुळे उष्ण हवेतही सहा महिन्यांपर्यंत वेगळे पाणी लागत नाही. बाळाला अधिक वेळा पाजणे आणि आईने स्वतः पुरेसे पाणी पिणे एवढेच पुरते.

दूध खरोखर पुरते की नाही, हे रडण्यावरून नव्हे तर लघवी आणि वजन यांवरून ठरते. पाचव्या दिवसापासून बाळाने दिवसाला सहा किंवा अधिक वेळा लघवी केली, तर ती समाधानाची खूण मानतात. जुन्या पद्धतीचे सुती लंगोट या बाबतीत फार उपयोगी, कारण ते मोजता येतात, तर डायपर ओल लपवतो. जन्मानंतर पहिल्या काही दिवसांत वजन थोडे घटणे स्वाभाविक आहे आणि बहुतेक बाळे दहा ते चौदा दिवसांत जन्मवजन भरून काढतात. परंतु घट दहा टक्क्यांकडे जाऊ लागली, बाळ पिण्यासाठी उठेनासे झाले, लघवी विटकरी रंगाची होत राहिली किंवा कावीळ वाढली, तर त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञ गाठावा लागतो.

प्रशिक्षित साहाय्यिकेचे पहिले काम सल्ला देणे हे नसून एक पूर्ण पाजणे शेवटपर्यंत पाहणे हे असते. ती प्रथम आईची बैठक पाहते: पाठीला आधार आहे का, खांदे ताठरलेले आहेत का, सिझेरियनच्या टाक्यांवर बाळाचा भार येतो का, येत असल्यास बाळाला काखेखालून धरण्याची किंवा कुशीवर निजून पाजण्याची पद्धत सुचवते. मग ती बाळाचे सारे अंग आईकडे वळवते, कारण मान वळवून पिणे मोठ्या माणसालाही जमत नाही. कान, खांदा आणि कंबर एका रेषेत येतात, पोटाला पोट लागते आणि बाळाचे नाक बोंडासमोर येते. बोंड बाळाच्या वरच्या ओठाला हलकेच टेकवून ती थांबते, आणि हे थांबणेच बहुतेकांना जमत नाही, कारण बाळाने किंचित तोंड उघडताच स्तन आत सारण्याची घाई होते. जांभईएवढे तोंड उघडले की बाळाला स्तनाकडे आणायचे असते, स्तनाला बाळाकडे नव्हे. हनुवटी आधी रुतते, खालचा ओठ बाहेर दुमडतो, बोंडाभोवतीचा काळसर भाग वरच्या ओठाच्या वर अधिक आणि खाली कमी दिसतो. सुरुवातीचे भराभर चोखणे पान्हा फुटताच संथ होते आणि मग लय ऐकू येते: चोखणे, क्षणभर थांबणे, गिळण्याचा बारीकसा आवाज. बाळाने सोडल्यावर बोंडाचा आकार गोल असेल तर पकड चांगली. बोरूच्या टोकासारखा तिरपा चेपलेला असेल, तर बाळ नुसते बोंड चावत होते आणि उद्या तेथे चीर पडणार. या पकडीलाच दवाखान्यांत ‘लॅचिंग’ म्हणतात. मुंबईच्या आयआयटीशी संलग्न असलेल्या डॉ. रूपल दलाल यांनी विरुद्ध बाजूच्या हाताने बाळाला धरण्याची पद्धत, ज्यात आईचा पंजा बाळाच्या डोक्यावर दाब न देता कानांखाली मानेला आधार देतो, तपशीलवार चित्रफितींतून महाराष्ट्रातील आरोग्यसेविकांपर्यंत पोहोचवली आहे.

बहुसंख्य तक्रारी या एका दुरुस्तीने सुटतात, असे म्हणणे धाडसाचे वाटले तरी बोंडांच्या चिरांबाबत ते बरेचसे खरे आहे. मलम ही दुय्यम गोष्ट, पकड सुधारली नाही तर मलमाखाली चीर तशीच राहते. दूध दाटून छाती घट्ट झाली असता बोंडाभोवतीच्या भागावर बोटांनी काही क्षण आतल्या बाजूला हलका दाब दिला, तर तेथील सूज मागे सरकते आणि बाळाला पकडता येईल इतका मऊपणा येतो. ताप, लाल चट्टा आणि ठणका ही स्तनदाहाची लक्षणे आहेत, आणि येथे जुना उपदेश बदलला आहे: जोरजोराने चोळून, गरम शेक देऊन, पंपाने स्तन पुन्हापुन्हा रिकामे करण्याऐवजी आता थंड शेक, विश्रांती, सूज उतरवणारे औषध आणि बाळाला नेहमीप्रमाणे पाजत राहणे यांवर भर असतो, दिवसभरात उतार न पडल्यास प्रतिजैविकासाठी डॉक्टरकडे जावे लागते. बोंड आत वळलेले असण्याच्या अडचणीवर तर दख्खनच्याच भूमीत उपाय निघाला. कर्नाटकातील दावणगेरे येथील डॉ. निर्मला केसरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये आंतरराष्ट्रीय नियतकालिकात वर्णन केलेली युक्ती अशी की इंजेक्शनच्या साध्या सिरिंजचे सुई लावण्याकडील टोक कापायचे, दट्ट्या त्या कापलेल्या बाजूने घालायचा आणि मूळची गुळगुळीत कड स्तनावर ठेवून दट्ट्या हलकेच ओढायचा, म्हणजे बोंड बाहेर येते. काही रुपयांच्या या साधनाला परदेशी पंपाची प्रतिष्ठा नाही, एवढेच.

पाजायला शिकवणारे हे हात नागपुरात कोठे सापडतात, या प्रश्नाला शहराचा इतिहास अनुकूल आहे. कमलाताई होस्पेट यांनी वेणूताई नेने यांच्यासह १९२१ मध्ये येथे मातृसेवा संघ स्थापन केला तो बाळंतपणात बाईला जाणत्या बाईची सोबत मिळावी म्हणून, आणि सीताबर्डीतील ही संस्था शतकाहून जुनी झाली आहे. नागपूरकर ज्यांना नुसते ‘मेडिकल’ आणि ‘मेयो’ म्हणतात ती दोन शासकीय महाविद्यालयीन रुग्णालये, डागा स्मृती स्त्री रुग्णालय आणि मिहानमधील एम्स येथे प्रसूती आणि बालरोग असे दोन्ही विभाग आहेत. पाजण्याची अडचण घेऊन जाताना दुसऱ्या विभागाचा दरवाजा ठोठावावा, हे पुष्कळांना सुचत नाही, कारण त्रास आईला होत असला तरी तो सोडवण्याचे प्रशिक्षण बहुधा बालरोग विभागाकडे असते. नागपूरपासून सुमारे पाऊणशे किलोमीटरवरील वर्धा येथे ३ डिसेंबर १९९१ रोजी ‘ब्रेस्टफीडिंग प्रमोशन नेटवर्क ऑफ इंडिया’ ही राष्ट्रीय पातळीवरील संस्था जन्मली, ही गोष्टही विदर्भात फारशी कोणाला ठाऊक नसते; शिशुपोषणाचे समुपदेशक घडवणारे तिचे अभ्यासक्रम देशभर चालतात.

त्याहून महत्त्वाची देणगी गडचिरोलीची आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच बायकांना प्रशिक्षण देऊन नवजात बाळांची घरोघरी काळजी घेण्याची पद्धत उभी केली, आणि तिच्यामुळे नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. पुढे हीच कल्पना राष्ट्रीय कार्यक्रम बनली, आणि आज रुग्णालयात बाळंत झालेल्या बाईकडे आशा कार्यकर्तीने तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जावे असे ठरलेले आहे. तिसरा दिवस म्हणजे नेमका तोच, जेव्हा छाती दाटते. शहरी आशांचे काम मात्र मुख्यतः झोपडपट्ट्या आणि वंचित वस्त्यांत असल्याने एक उलटा न्याय घडतो: वस्तीतल्या बाळंतिणीच्या दारात निदान कोणीतरी येण्याची तरतूद आहे, तर खासगी रुग्णालयातून सदनिकेत परतलेल्या सुशिक्षित बाईला फोनवर सतरा जणींचे सल्ले मिळतात आणि प्रत्यक्ष पाहणारे कोणीच नसते.

तिच्यासाठी उरते ती स्वतंत्र स्तनपान सल्लागार, जिला शहरात ‘लॅक्टेशन कन्सल्टंट’ म्हणतात. या क्षेत्रातील सर्वांत कठोर मानली जाणारी पात्रता ‘आयबीसीएलसी’ ही असून तिची आंतरराष्ट्रीय परीक्षा १९८५ पासून घेतली जाते. आरोग्यशास्त्राचा अभ्यास आणि प्रत्यक्ष मातांसोबत काम केल्याचे तास त्यासाठी लागतात आणि प्रमाणपत्राचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. परंतु दोन दिवसांची कार्यशाळा करूनही हीच पाटी लावलेली दिसू शकते, म्हणून प्रशिक्षण कोठे आणि किती दिवसांचे झाले, पूर्ण पाजणे पाहणार का, बाळाचे वजन करणार का, गरज पडल्यास कोणत्या बालरोगतज्ज्ञाकडे पाठवणार, हे विचारण्यात संकोच नसावा. जी व्यक्ती आई-बाळाला न पाहता फोनवरूनच दूध वाढवण्याची पावडर सुचवते, तिच्यापासून दूर राहणे बरे. बाटली किंवा डब्याचे दूध विकण्यात कोणाचा हितसंबंध आहे का, हेही पाहावे. भारतात १९९२ च्या आणि २००३ मध्ये अधिक कडक केलेल्या कायद्यानुसार दुग्धपर्याय, दूध पाजण्याच्या बाटल्या आणि दोन वर्षांखालील बालकांचे तयार अन्न यांच्या जाहिरातींना बंदी आहे, आणि मातांना मोफत नमुने वा भेटी वाटणे हा गुन्हा आहे.

सल्लागार घरी आली की आजीचे काय, हा प्रश्न मराठी घरात अटळ असतो, आणि चांगली सल्लागार तो टाळत नाही. डिंकाचे, मेथीचे, अळिवाचे लाडू बाळंतिणीला उष्मांक देतात, लोह देतात आणि मुख्य म्हणजे तिच्यासाठी कोणीतरी झटते आहे हे सांगतात. ते थेट दूध वाढवतात की नाही यावर वाद घालून आजीला दुखवण्याचे कारण नाही, फक्त लाडू हा बाळाच्या चोखण्याला पर्याय नाही एवढे तिला समजले म्हणजे पुरे. मध चाटवणे मात्र थांबवलेच पाहिजे, कारण वर्षाखालील बाळात त्यातील जिवाणूंमुळे बोट्युलिझम हा स्नायूंना लुळे करणारा गंभीर आजार होऊ शकतो. पाजण्याची बैठक सल्लागाराने आजीसमोर दाखवली, तर रात्री तीन वाजता बाळ रडू लागल्यावर उशी सारून देणारा हात आजीचाच असतो.

सगळे नीट करूनही काही बायकांना दूध कमी पडते, हे स्पष्टपणे सांगायला हवे. थायरॉईडचा विकार, प्रसूतीत झालेला मोठा रक्तस्राव, गर्भाशयात राहिलेला वारेचा तुकडा, स्तनांवर झालेली शस्त्रक्रिया किंवा दूधग्रंथींची अपुरी वाढ ही त्याची ज्ञात कारणे असून ती तपासणीशिवाय कळत नाहीत. बाळाची जीभ खाली जखडलेली असणे हे बाळाच्या बाजूचे कारण. अशा बाळाला पूरक दूध देणे हा उपचार आहे, अपयश नव्हे. ते बाटलीऐवजी वाटी-चमच्याने किंवा आपल्या जुन्या बोंडल्याने, म्हणजे चोच असलेल्या छोट्या वाटीने, द्यावे, कारण बोंडले उकळून स्वच्छ करता येते आणि बाळाची चोखण्याची सवय बदलत नाही. रुग्णालयांत ‘पलाडाई’ म्हणून याच भांड्याचा वापर होतो. आईला सतत रडू येणे, झोप मिळूनही झोप न लागणे, बाळाबद्दल काहीच न वाटणे ही लक्षणे दोन आठवड्यांपलीकडे टिकली तर ते बाळंतपणानंतरचे नैराश्य असू शकते, आणि त्यासाठी स्तनपानाच्या सल्लागाराऐवजी मानसोपचारतज्ज्ञाची गरज असते; केंद्र शासनाची ‘टेलिमानस’ ही १४४१६ क्रमांकाची सेवा मराठीतही बोलते.

कामावर परतण्याचा टप्पा स्वतंत्र आहे आणि त्याची तयारी पंधरा दिवस आधी सुरू करावी लागते. प्रसूती रजेच्या कायद्यातील २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन अपत्यांसाठी सव्वीस आठवड्यांची पगारी रजा, पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघर, आणि बाळ पंधरा महिन्यांचे होईपर्यंत कामाच्या वेळेत पाजण्यासाठी दोन सुट्ट्या कायद्याने दिल्या आहेत; चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईला यांतले काहीच लागू होत नाही, आणि तिचीच संख्या मोठी आहे. दोघींनाही उपयोगी पडते ते हाताने दूध काढण्याचे तंत्र, जे आशा कार्यकर्ती दहा मिनिटांत शिकवू शकते: अंगठा आणि तर्जनी काळसर भागाच्या कडेवर ठेवून आधी छातीकडे, मग एकमेकांकडे दाबणे, बोंड न ओढणे. काढलेले दूध २५ अंशांपर्यंतच्या तापमानात सुमारे चार तास टिकते आणि फ्रिजच्या आतल्या भागात चार दिवसांपर्यंत. परंतु मे महिन्यातली नागपुरी खोली २५ अंशांची नसते, म्हणून तेथे ते काढल्याबरोबर फ्रिजमध्ये, आणि फ्रिज नसेल तर बर्फ घातलेल्या थर्मासमध्ये झाकणबंद डब्यात ठेवावे, आणि देताना गॅसवर न उकळता डबा कोमट पाण्यात बुडवून वाटीने पाजावे.